दांपत्य गटाचा निकाल

माणूस धडधाकट असताना, घरी सर्व ठीक असताना आणि पायथ्याशी चांगला डांबरी रस्ता असताना तो डोंगरावरून का धावतो, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अद्याप कोणत्याही खात्याने दिलेले नाही. तरीही डोंगरावरून धावणे ही काळाची गरज आहे, असे आमच्या डहाणू-तलासरी डोंगरदौड समितीच्या पहिल्याच सभेत एकमताने ठरले. (सभेला पाच सदस्य हजर होते. त्यांपैकी कोणीही धावत नाही. धावणारी माणसे निर्णयप्रक्रियेत घेतली की तटस्थता राहत नाही.)

समितीचे सचिव मुकेश यांचे डहाणूत खेळाच्या सामानाचे दुकान आहे. स्पर्धेमुळे बुटांचा खप वाढेल म्हणून त्यांनी हा घाट घातला, असा आरोप काही मंडळींनी केला. तो निराधार आहे. दुकान त्यांच्या पत्नीच्या नावावर आहे.

माझी नेमणूक 'स्वीपर' या पदावर झाली. (घरी ही बातमी सांगितल्यावर पत्नीने खराटा आणून पुढे ठेवला. तो गैरसमज होता.) सर्वांत शेवटच्या स्पर्धकाच्या मागून चालत यायचे, वाटेत कोणी मागे राहिले नाही याची खात्री करायची, आणि पाण्याची ठिकाणे बंद करीत पुढे सरकायचे, असे या पदाचे स्वरूप आहे. स्पर्धकाला मागे टाकायचे नाही, ढकलायचे नाही आणि तो जखमी झाल्याशिवाय त्याच्या वाटचालीत हस्तक्षेप करायचा नाही. मी निवृत्तीपर्यंत एका कचेरीच्या आवक-जावक विभागात होतो. त्यामुळे कोणाच्याही मागे राहून काहीही न करण्याचा मला दांडगा अनुभव होता.

स्पर्धा पन्नास किलोमीटरची. सायवनहून उजाडताच निघायचे, गंभीरगडाच्या बगलेने चढायचे, दोन खिंडी ओलांडायच्या आणि सूर्य बुडायच्या आत तलासरी तालुक्यात उधव्याच्या मैदानावर पोचायचे. पुरुष गट, महिला गट आणि ज्येष्ठ गट असे तीन गट होते. चौथा गट मुकेशच्या डोक्यातून निघाला. तो म्हणजे दांपत्य गट.

या गटाचे नियम साधे होते. नवरा-बायकोने एकत्र निघायचे आणि एकत्र पोचायचे. मधल्या काळात दोघांतले अंतर हाकेच्या पलीकडे जाऊ द्यायचे नाही. दोघांपैकी जो नंतर पोचेल, त्याची वेळ धरायची. आमच्या दोन तालुक्यांत विवाहित जोडप्यांची टंचाई नाही. प्रत्येक सुट्टीत लग्नाच्या वरातींनी रस्ते अडतात. तरी नोंदणी एकाच जोडप्याची झाली. (चौकशीचे फोन बरेच आले. नवऱ्यांनी 'बायकोऐवजी मेहुणा चालेल का' असे विचारले आणि बायकांनी 'नवरा शेवटच्या किलोमीटरला आणून उभा केला तर चालेल का' असे विचारले. दोन्ही विनंत्या फेटाळण्यात आल्या.)

ते एकमेव जोडपे म्हणजे बोर्डीचे पीयूषभाई आणि त्यांच्या पत्नी दक्षाताई.

पीयूषभाईंची चिकूची वाडी आहे. पन्नाशीला डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगितले आणि चालायला सुचवले. पीयूषभाईंना अर्धवट काम आवडत नाही. ते धावू लागले, आणि धावण्याविषयी वाचू लागले. वाचनाचा वेग धावण्यापेक्षा पुष्कळच चांगला निघाला. दांपत्य गटात दुसरे कोणी नाही हे कळताच त्यांनी शांतपणे हिशेब केला: केवळ वेळेत पोचलो तरी आपण दोन तालुक्यांत पहिले.

आश्चर्य दक्षाताईंचे वाटले. त्या बोर्डीजवळच्या शाळेत शिक्षिका. धावण्याचा सोस त्यांना कधीच नव्हता. नोंदणी करायला त्या स्वतः मुकेशच्या दुकानात आल्या तेव्हा मी तिथेच बसलो होतो.

"पन्नास किलोमीटर म्हणजे पूर्ण दिवस लागेल ना?" त्यांनी विचारले.

"तुम्हाला? पूर्ण," मुकेश म्हणाला.

"आणि दोघंच असणार? फोन पिशवीत ठेवायचा?"

"हो. नियमच आहे."

"लिहा मग नाव," असे म्हणून त्यांनी सही केली.

यानंतर तयारी सुरू झाली. पीयूषभाईंची तयारी हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. त्यांनी नाडीचे ठोके मोजणारे घड्याळ घेतले. पाण्याच्या नळ्या लावलेले जाकीट घेतले. चव नसलेली, पण ताकद देणारी पाकिटे घेतली. बोर्डीची जमीन सपाट आणि समुद्र त्याहून सपाट असल्याने चढाचा सराव कुठे करायचा, हा प्रश्न होता. तो त्यांनी डहाणू रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर सोडवला. रोज सकाळी जाकीट घालून ते पूल चढत आणि उतरत. गाडी मात्र पकडत नसत. रेल्वे पोलिसाने दोनदा हटकले. तिसऱ्यांदा तो त्यांना सलाम करू लागला.

वेगाचे शास्त्र त्यांना तोंडपाठ होते. सुरुवातीला हळू, मध्ये आणखी हळू, चढावर चालायचे, उतारावर सांभाळून पळायचे आणि ताकद शेवटासाठी राखायची. हे त्यांनी मला, पोस्टमनला आणि वाडीत चिकू उतरवणाऱ्या बायकांना समजावून सांगितले. दक्षाताईंना सांगायचे राहिले असावे. संध्याकाळी किनाऱ्यावर सराव करताना ते नेहमी बरेच पुढे असत आणि त्या मागे असत.

यात गैर काही नाही. आमच्याकडे नवरा पुढे आणि बायको मागे ही चालण्याची प्रस्थापित पद्धत आहे. बाजारात, लग्नात, दवाखान्यात, सर्वत्र ती पाळली जाते. तिचे फायदे अनेक आहेत. नवऱ्याला समोरचे स्वच्छ दिसते, बायकोला नवरा दिसतो, आणि दोघांना एकमेकांचे तोंड पाहावे लागत नाही. दक्षाताईंचे लग्न होऊन बावीस वर्षे झाली होती आणि पीयूषभाईंची पाठ त्या कुठल्याही गर्दीत ओळखू शकत होत्या.

स्पर्धेच्या दिवशी सायवनच्या मैदानावर चांगलीच थंडी होती. ढोल वाजले, झेंडा हलला, आणि सुरुवातीला हळू जाण्याचे शास्त्र तोंडपाठ असलेले पीयूषभाई बाण सुटावा तसे सुटले. पुढे विशीतली पोरे होती. त्यांच्या मागे पीयूषभाई, मग बराच मोकळा रस्ता, मग दक्षाताई, मग मी.

नियमाची आठवण देणे माझे कर्तव्य होते. "ताई, अंतर हाकेच्या आत हवं," मी म्हणालो. "एक हाक मारून बघा."

"अहो!" दक्षाताईंनी हाक मारली. ओढ्यापलीकडचे एक कुत्रे उठून बसले. पीयूषभाई वळले नाहीत.

मी थोडा विचार केला. हाक मारता आली पाहिजे एवढेच नियमात होते. ती ऐकू यावी असे कुठेही म्हटलेले नव्हते. मी दोघांनाही पात्र ठरवले.

भात कापून झालेल्या खाचरांतून वाट जात होती. दक्षाताई एका लयीत चालत होत्या. मधूनच ओठ हलत. मला वाटले जप चालला असेल. मग लक्षात आले की त्या काहीतरी घोकत होत्या. दरवेळी सुरुवात तीच: "अहो, ऐका ना, जरा महत्त्वाचं आहे..." आणि तिथेच त्या थांबत.

"सुदामभाऊ, ते कुठे थांबतील का?" त्यांनी मला विचारले.

"पुढे पाण्याचं ठिकाण आहे. रखमाबाईंच्या अंगणात. तिथे सगळेच थांबतात."

रखमाबाईंच्या अंगणात पाण्याचे पिंप होते, गूळ होता, केळी होती. पीयूषभाई नव्हते.

"नळ्या लावलेला माणूस तुझा का?" रखमाबाईंनी दक्षाताईंना विचारले. "मला वाटलं, दवाखान्यातनं पळून आला. बाटली लटकलेली, नळी तोंडात."

"थांबले नाहीत?"

"म्हणाला, बायको मागनं येतेय. मी म्हटलं, मग थांब की. म्हणाला, वेळ नाय." रखमाबाईंनी गुळाचा खडा दक्षाताईंच्या हातावर ठेवला. "आमचा पण असाच हाय. जत्रेला निघाला की पुढं पुढं. एकदा मी अर्ध्या वाटेतनं घरी परत आले. त्याला पार देवळात गेल्यावर कळलं."

दक्षाताई हसल्या, पण फार नाही.

चढ सुरू झाला. सागाची वाळलेली पाने पायाखाली इतकी वाजत होती की शेजारी चालणाऱ्याचेही बोलणे ऐकू येऊ नये. दक्षाताईंच्या टाचेला फोड आला. त्या एकदा बसल्या, फडक्याची पट्टी बांधली, उठल्या. पुढे जाऊन पुन्हा बसल्या. मी बाहेर पडण्याची वाट दाखवली. खाली गाडी उभी होती.

"नको," त्या म्हणाल्या. "आज नाही बोलले तर मग नाहीच."

काय बोलायचे ते मी विचारले नाही. पदाच्या मर्यादा होत्या.

पहिल्या खिंडीच्या अलीकडे पीयूषभाई सापडले. एका सपाट दगडावर ते उजवा पाय लांब करून बसले होते. पोटरीत गोळा आला होता. शेवटासाठी राखायची ताकद सुरुवातीलाच खर्च केल्यावर असे होते, असे त्यांच्याच वाचनात होते. चेहरा कण्हेरीच्या पानासारखा हिरवट झाला होता. जाकिटाच्या नळीतून पाणी ठिबकत होते.

दक्षाताई खाली बसल्या. त्यांनी पीयूषभाईंचा बूट काढला, अंगठा धरला आणि पाऊल मागे दाबले.

"आई गं! हळू!"

"हलू नका." त्यांनी पाय सोडला नाही. "आता ऐका. मला केंद्रप्रमुख केलंय. सायवन केंद्र. सोमवारपर्यंत होकार कळवायचाय."

(केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांवर देखरेख करणारा अधिकारी. बोर्डीहून सायवन गाठायला दोन बस बदलाव्या लागतात आणि दुसरी बस येईलच असे नाही.)

"कधी?" पीयूषभाईंनी विचारले.

"सोमवारपर्यंत."

"नाही, केलं कधी?"

"यादीत नाव दिवाळीच्या आधी आलं. मी तुम्हाला सांगितलंय. तीनदा."

"मला? कधीच नाही!"

"एकदा किनाऱ्यावर. एकदा मासळीबाजारात. एकदा घोलवडच्या लग्नात, जेवायला जाताना. तिन्ही वेळा तुम्ही पुढे होता. तिन्ही वेळा 'हं' म्हणालात."

पीयूषभाईंनी तिन्ही ठिकाणे बोटांवर मोजली. मग म्हणाले, "हं म्हणजे ऐकलं, असं होत नाही."

"मग काय होतं?"

 पीयूषभाईंनी माझ्याकडे पाहिले. मी रस्त्यावरच्या खुणेच्या फिती मोजू लागलो.

"म्हणजे रोज जाणार-येणार?"

"रोज कसं जमेल? तिथेच खोली घेणार. शनिवारी घरी यायचं, सोमवारी पहाटेच्या बसने जायचं."

"आणि वाडी? चिकू?"

"चिकू माझ्यामुळे लागतात का?"

"माझ्या साखरेच्या गोळ्या?"

"त्या तुम्ही घड्याळात गजर लावून घेता."

"रियाला काय सांगायचं?" रिया ही त्यांची मुलगी. पुण्यात नोकरीला असते.

"रियाला दिवाळीपासून माहीत आहे. तिनेच सांगितलं, आई, बाबांना बसवून सांग. मी म्हटलं, ते बसत नाहीत."

पीयूषभाईंनी ठिबकणारी नळी चिमटीत धरली. मग अगदी हळू म्हणाले, "मी घरी एकटा काय करू?"

हे वाक्य त्यांनी घड्याळाकडे पाहत उच्चारले. त्याच क्षणी नाडी धोक्याच्या पातळीवर गेल्याचा इशारा देत घड्याळ वाजू लागले. (पूर्ण चढावर ते एकदाही वाजले नव्हते, असे पीयूषभाईंनी नंतर सांगितले. आता तर ते बसलेले होते.) त्यांना ते बंद करता येईना. दक्षाताईंनी एका हाताने ते बंद केले. दुसऱ्या हातात पाऊल तसेच होते.

"मी पंचवीस वर्षं दुसरीला शिकवतेय," त्या म्हणाल्या. "बे एके बे. मला चांगलं येतं. पण मला बघायचंय, आणखी काय येतं. तुम्ही नाही म्हणालात तर मी जाणार नाही असं नाही. पण तुम्ही हो म्हणावं असं मला वाटतं."

त्यांचे दोन्ही हात पुन्हा पावलाला लागले होते, डोळे पुसायला एकही मोकळा नव्हता. पीयूषभाईंनी जाकिटातून रुमाल काढला. त्याला ताकद देणारे पाकीट फुटून चिकटले होते. तरी त्यांनी तो पुढे केला आणि तरी दक्षाताईंनी तो घेतला.

नेमका तेव्हा माझा फोन वाजला. मुकेश होता.

"सुदामभाऊ, कुठे आहात?"

"शेवटच्या स्पर्धकांच्या मागे."

"ते कुठे आहेत?"

"बसलेत."

"का? लागलं का काही?"

"नाही. बोलतायत."

"कोण, नवरा-बायको?"

"हो."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मुकेशने चिंतेने विचारले, "ॲम्ब्युलन्स पाठवू का?"

मी नको म्हणालो. नियमाप्रमाणे दुसरी खिंड दुपारी ठरलेल्या वेळेत ओलांडली नाही तर स्पर्धक बाद होतो आणि वेळ जवळ येत असल्याची सूचना द्यायला माझ्याकडे शिट्टी होती. ती वाजवावी का, यावर मी गंभीरपणे विचार केला. विचार पूर्ण होईपर्यंत वेळ टळून गेली. सरकारी सेवेत ही पद्धत मला नेहमीच उपयोगी पडली आहे.

गोळा केव्हाच उतरला होता. पाय मात्र दोघांपैकी कोणीच हलवला नव्हता.

"सायवनला रेंज येते का?" पीयूषभाईंनी विचारले.

"शाळेच्या मागे टेकाड आहे. त्यावर चढलं की येते."

"मग रोज चढशील?"

"चढेन की. आता सराव झालाय."

"मग कळव," ते म्हणाले. "सोमवारी कशाला, उद्याच कळव. म्हणजे जागा दुसऱ्या कोणाला जायला नको." आणि एवढे बोलून ते बूट घालू लागले. नाडी चुकीची ओवल्याने त्यांना तो दोनदा घालावा लागला.

आता मला बोलणे भाग होते. "तुम्ही स्पर्धेतून बाद झालात. मागच्या वाटेने खाली उतरलं तर गाडी आहे."

दोन तालुक्यांतले हमखास पहिले बक्षीस गेले होते. पादचारी पूल, घड्याळ, नळ्या, सगळे वाया. मला वाटले पीयूषभाई माझ्यावर चिडतील. त्यांनी दक्षाताईंकडे पाहिले.

"गाडीने जायचं?"

"मला पोचायचंय," त्या म्हणाल्या. "पायांनी."

मग आम्ही तिघे निघालो. पायवाट एकावेळी एकच माणूस जाईल एवढीच होती. टाच दुखत असल्याने वेग दक्षाताईंनी ठरवावा असे ठरले आणि त्या पुढे झाल्या. पीयूषभाई मागून प्रश्न विचारू लागले. खोली कोणाकडे मिळेल, पाणी कुठून भरायचं, घरी जिरे कोणत्या डब्यात असते. पानांच्या आवाजात दक्षाताईंना अर्धे ऐकू येत नव्हते. "काय म्हणालात?" असे विचारत त्या दरवेळी थांबत, वळत, ऐकून घेत आणि मगच पुढे जात. या पद्धतीने पुढचे अंतर कापायला फार वेळ लागतो, हे मी समितीच्या निदर्शनास आणले आहे.

उधव्याच्या अलीकडे डांबरी रस्ता लागला. तिथे ते शेजारी शेजारी चालू लागले. मागून आलेल्या गवताच्या टेम्पोने एवढा हॉर्न दिला की मला कानात बोटे घालावी लागली. चालकाची चूक नव्हती. आपले रस्ते नवरा-बायकोने शेजारी चालण्यासाठी बांधलेले नाहीत.

दिवेलागणीला आम्ही मैदानावर पोचलो. मंडपवाले कनाती सोडवत होते, अंतिम रेषेची कमान टेम्पोत चढली होती. मुकेश खुर्चीवर बसून होता. जोडपे एकच असल्याने त्यांची नावे कोरलेले सन्मानचिन्ह त्याने आधीच करून आणले होते. ते त्याच्या मांडीवर होते. रेषा कुठे होती ते त्याने बोटाने दाखवले, आणि ते दोघे रेषा नसलेल्या जागेवरून एकत्र पलीकडे गेले. टाळ्या मुकेशने, मी आणि मंडपवाल्यांपैकी एकाने वाजवल्या.

सन्मानचिन्हाविषयी समितीची विशेष सभा झाली. नियम शिथिल करावा असे मुकेशचे म्हणणे होते. पण शिस्त महत्त्वाची. अखेर समितीने अधिकृत निकाल जाहीर केला, तो असा: 'दांपत्य गट: पात्र जोडपे आढळले नाही.' निकाल डहाणू आणि तलासरी अशा दोन्ही ठिकाणी लावण्यात आला. त्यावर अद्याप कोणीही हरकत घेतलेली नाही.

दक्षाताई सायवनला रुजू झाल्या. पहिल्या आठवड्यात पीयूषभाईंनी वरण सांडणे, कुकरची शिट्टी हरवणे आणि दुधावर लक्ष ठेवून असतानाच ते उतू जाणे, हे सर्व अनुभव घेतले. संध्याकाळी दक्षाताई टेकाडावर चढतात आणि फोन करतात. पीयूषभाई वाडीत खुर्ची टाकून बसून बोलतात. चालता चालता बोलले की रेंज जाते, असे ते सांगतात. बोर्डीत रेंज सगळीकडे उत्तम आहे. कोणी ते त्यांच्या लक्षात आणून दिलेले नाही.

यंदापासून दांपत्य गट बंद करावा, असा ठराव समितीपुढे होता. तो मागे घ्यावा लागला, कारण यंदा नोंदणीला झुंबड उडाली. सर्व अर्ज बायकांनी भरले आहेत. नवऱ्यांच्या सह्या यायच्या आहेत. त्यांना विचारले असून ते 'हं' म्हणाल्याचे सर्व अर्जदारांनी कळवले आहे.

हे इथवर शांतपणे वाचल्याबद्दल वाचकांचे आभार. मघाशी, बहुधा तुम्ही रखमाबाईंच्या अंगणात होता तेव्हा, आतून तुम्हाला कोणीतरी काहीतरी विचारले. मान वर न करता तुम्ही 'हं' म्हणालात. ते काय होते, हे या समितीला माहीत नाही. तुम्हालाही नाही. पण आतल्या माणसाने तो होकार धरला आहे, आणि आता बराच वेळ झाला, आत सामान बांधल्याचा आवाज येतो आहे.